धनुष्य एकीकडे, बाण दुसरीकडे

रिव्हॉल्व्हरचा परवाना काढावा की काढू नये, हा प्रश्न आता आपल्या समाजात केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. सराफी पेढी चालविणारे, रोखीने मोठे व्यवहार करणारे, रात्री उशिरा दुकान बंद करून एकटे घरी परतणारे बंधू तो गंभीरपणे विचारतात. त्यांची भीती निराधार आहे, असे कोणी म्हणू नये. 2021 च्या जुलै महिन्याच्या अखेरीस विरारमध्ये एका बँकेच्या शाखेवरील दरोड्यात तेथील महिला अधिकाऱ्याचा बळी गेला. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच नालासोपाऱ्यात एका सराफाची त्याच्याच दुकानात हत्या झाली. आगाशी, बोळिंज, विरार, सोपारे या पट्ट्यातील व्यापारी कुटुंबांना त्या दिवसांत झोप लागली नसेल, तर त्यात नवल नाही. कुटुंबाचे आणि पेढीचे रक्षण करणे हे गृहस्थाचे कर्तव्यच आहे. तेव्हा 'आपण जैन, आपल्याला शस्त्र कशाला?' एवढ्या एका वाक्याने हा प्रश्न निकालात निघत नाही. त्याचा विचार व्यवहाराच्या आणि शास्त्राच्या, अशा दोन्ही बाजूंनी करावा लागेल.

प्रथम व्यवहार पाहू. गेल्या काही वर्षांत आपल्या परिसरात बंदुकीने ज्या घटना घडविल्या, त्यांतील काहींकडे नीट पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. 31 जुलै 2023 च्या पहाटे जयपूरहून मुंबईकडे येणाऱ्या एक्सप्रेस गाडीत, पालघर स्थानक मागे पडल्यानंतर, चार माणसे गोळ्यांना बळी पडली. मृतांत रेल्वे सुरक्षा दलाचा एक अधिकारी आणि तीन प्रवासी होते; आरोपी त्याच दलाचा जवान, आणि हत्यार त्याला प्रवाशांच्या रक्षणासाठी सरकारने दिलेले. ती गाडी आपल्याच विरार, नालासोपारा, वसई या स्थानकांवरून पुढे गेली. 2 फेब्रुवारी 2024 रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, अधिकाऱ्याच्या दालनात, माजी नगरसेवक महेश गायकवाड यांच्यावर गोळीबार झाला आणि त्या प्रकरणी आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली. वादाचे मूळ जमिनीत होते. त्यानंतर सहाच दिवसांनी, 8 फेब्रुवारीला, माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना समाजमाध्यमावरील थेट प्रक्षेपण चालू असताना गोळ्या घालण्यात आल्या. मारेकऱ्याने पाठोपाठ स्वतःचाही प्राण घेतला. त्याने वापरलेले पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या नावावर असलेल्या परवान्याचे होते, असे पोलीस तपासात पुढे आले.

या घटनांतील हत्यारे गुंडाच्या कमरेला खोचलेले गावठी कट्टे नव्हते. एक सरकारी शस्त्रागारातून आलेले होते, दुसरे लोकप्रतिनिधीच्या हाती असल्याचा आरोप आहे, तिसरे पगारी अंगरक्षकाचे. 'बेकायदा शस्त्रे वाईट, परवान्याची शस्त्रे निर्धोक' अशी आपण मनाशी केलेली वाटणी या घटनांपुढे टिकत नाही. परवाना माणसाचे नाव आणि पूर्वचरित्र तपासतो. त्या माणसाला पुढे कोणत्या दिवशी, कोणत्या क्षणी क्रोध येईल, याची नोंद कोणत्याही कार्यालयात होऊ शकत नाही.

आणि जवळ शस्त्र असले म्हणजे जीव वाचतोच, असेही नाही. 12 ऑक्टोबर 2024 च्या रात्री वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दीकी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा त्यांना पोलीस संरक्षण होते. ठरवून आलेला हल्लेखोर आपली वेळ निवडून येतो. संरक्षण करणाऱ्याला मात्र ती वेळ ठाऊक नसते. दुकानाच्या गल्ल्यात ठेवलेले पिस्तूल अशा क्षणी मालकाच्या हाती लागेल की हल्लेखोराच्या, हे कोणी सांगावे?

आता कायद्याकडे वळू. 1878 साली लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत आलेल्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाच्या हातातील शस्त्र काढून घेतले आणि युरोपीयांना मोकळीक दिली. हा भेदभाव होता आणि त्याविरुद्ध राष्ट्रीय सभेने पुढे अनेक वर्षे आवाज उठविला. या आठवणीमुळेच संविधान सभेत 1948 साली हरि विष्णू कामथ यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा, अशी सूचना मांडली. ती स्वीकारली गेली नाही. परकीय सत्तेने शस्त्र हिरावून घेणे आणि स्वतंत्र समाजाने आपण होऊन शस्त्रावर मर्यादा घालणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आपल्या राष्ट्रनिर्मात्यांनी ओळखले. म्हणून भारतात बंदूक हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही; ती राज्याने कारण पाहून दिलेली परवानगी आहे.

आजचा मूळ कायदा 1959 चा. आपल्या भागात 1 ऑक्टोबर 2020 पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले असून परवान्याचा अर्ज आता तेथे जातो. 2016 च्या नियमांनी प्रशिक्षण आणि सुरक्षित साठवण यांविषयीच्या अटी घातल्या. 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या परवानाधारी बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि लग्न-मिरवणुकीत हौसेखातर गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरविली. आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कलम 29 वे आहे. ज्याला शस्त्र बाळगण्याचा अधिकार नाही, त्याच्या हाती ते सोपविणे हाच गुन्हा होय, असे ते सांगते. गोळी कोणी झाडली, हा प्रश्न नंतरचा. हत्यार हाती पोहोचले कसे, हे कायदा आधी विचारतो.

कायदा कडक असूनही त्याचा अंमल सैल पडला की काय होते, हे बीड जिल्ह्याने दाखविले. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची अपहरण करून क्रूर हत्या झाली. ती बंदुकीने झाली नव्हती. तथापि त्या निमित्ताने जिल्ह्यातील दहशतीची चर्चा सुरू झाली आणि एकट्या त्या जिल्ह्यात हजारांवर शस्त्रपरवाने दिले गेल्याचे उघड झाले. पुढे फेरतपासणी होऊन त्यांतील शेकडो परवाने रद्द करण्यात आले. एवढ्या माणसांना खरोखरच जिवाचा धोका होता काय? की कमरेचे पिस्तूल हे मोठेपणाचे लक्षण होऊन बसले होते? परवाना प्रतिष्ठेसाठी काढला जाऊ लागला की तो संरक्षणाचे साधन उरत नाही, धाकाचे होतो.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची मुले-मुली आज अमेरिकेत आहेत. तेथे 1791 सालच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याच्या अधिकाराला संविधानात स्थान दिले आहे आणि 2008 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवण्याचा वैयक्तिक हक्क मान्य केला. त्या बाजूचा युक्तिवादही ऐकून घेतला पाहिजे : राज्यसत्ता जुलमी झाली तर नागरिक निःशस्त्र असू नये, पोलीस येईपर्यंत घरधन्याने काय करावे? हे प्रश्न पोकळ नाहीत. परंतु त्याच देशात 14 डिसेंबर 2012 रोजी सँडी हुक येथील शाळेत वीस बालके आणि सहा मोठी माणसे मारली गेली. तेथे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, ही गोष्ट तर फार थोड्यांना ठाऊक असते. चोराच्या भीतीने आणलेली बंदूक चोरावर क्वचितच चालते. ती घरातल्याच एखाद्या खचलेल्या माणसाच्या हाती लागते.

ऑस्ट्रेलियाने दुसरी वाट धरली. 1996 च्या एप्रिलमध्ये पोर्ट आर्थर येथे एका माणसाने 35 जणांचे प्राण घेतले. तेव्हाचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड हे परंपरावादी पक्षाचे. बंदूकधारी शेतकरी आणि शिकारी हे त्या पक्षांचेच मतदार. तरीही त्यांनी सर्व राज्यांना एकत्र आणून कायदा कडक केला आणि मोबदला देऊन सुमारे साडेसहा लाख शस्त्रे परत घेऊन ती नष्ट केली. त्याच वर्षी मार्चमध्ये स्कॉटलंडमधील डनब्लेनच्या शाळेत सोळा बालके आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्यानंतर ब्रिटनने पुढच्या वर्षी खासगी हातांतील पिस्तुलांवर बंदी आणली. या देशांत क्रोध नाहीसा झाला नाही, गुन्हेही संपले नाहीत. क्रोध आणि साधन यांच्यामधले अंतर मात्र त्यांनी वाढविले.

हे अंतर वाढविण्याचा विचार आपल्याला परदेशातून आणण्याची गरज नाही. तो श्रावकाच्या बारा व्रतांत आहे.

शास्त्रकारांनी हिंसेचे चार प्रकार सांगितले : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. साधूला चारही वर्ज्य. गृहस्थाने संकल्पी हिंसा, म्हणजे मारण्याच्या हेतूने केलेली हिंसा, पूर्णपणे सोडावी; स्वयंपाक, घरकाम आणि व्यवसाय यांतील अपरिहार्य हिंसा यतनेने कमी करावी; आणि आततायी अंगावर आला असता देश, धर्म, कुटुंब यांच्या रक्षणार्थ करावा लागणारा प्रतिकार हा विरोधी हिंसेत येतो. गृहस्थाला तो सर्वथा निषिद्ध नाही. वस्तुपाल-तेजपालांनी मंत्रिपद सांभाळताना युद्धाची जबाबदारीही उचलली होती आणि त्यांच्या श्रावकत्वाला परंपरेने उणेपणा आणला नाही. तेव्हा अहिंसा म्हणजे भेकडपणा, हा आक्षेप आपल्या शास्त्राला लागू पडत नाही.

पण शास्त्र येथेच थांबत नाही. अहिंसा अणुव्रताला बळ देण्यासाठी गुणव्रते आहेत आणि त्यांत अनर्थदंड-विरमण हे व्रत आहे. ज्या कृतीने आपला कोणताही न्याय्य हेतू साधत नाही, तरी जिच्यामुळे जीवांना दंड होतो, ती कृती सोडावी, हा त्याचा अर्थ. त्याच्या प्रकारांत हिंसादान येते. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात आणि आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात याचा विचार केला आहे : तलवार, कुऱ्हाड, अग्नी, विष यांसारखी घाताची साधने दुसऱ्याच्या हाती देणे हा दोष होय, मग पुढचा घात आपण स्वतः केलेला नसला तरीही. आपण प्रतिक्रमणात वंदित्तु सूत्र म्हणतो, त्यातही शस्त्र, अग्नी, मुसळ, यंत्र इत्यादी वस्तू दिल्या किंवा देवविल्या, त्याची आलोचना आहे. 1959 च्या कायद्याचे 29 वे कलम आणि हे हिंसादान शेजारी शेजारी ठेवून पाहावे. एकाचा आधार दंड, दुसऱ्याचा आत्मशुद्धी. पण दोघांचे बोट एकाच ठिकाणी आहे.

याच व्रताच्या पाच अतिचारांत एक नाव असे आहे, की ते आपण वर्षानुवर्षे उच्चारतो आणि त्याच्या अर्थापाशी क्वचितच थांबतो : संयुक्ताधिकरण. अधिकरण म्हणजे हिंसेचे साधन. त्याचे वेगवेगळे भाग जोडून, वापरायला सज्ज अशा स्थितीत ठेवणे हा अतिचार. टीकाकारांनी दिलेली उदाहरणे अगदी घरगुती आहेत. उखळाला मुसळ लावून ठेवू नये, नांगराला फाळ, गाड्याला जू जोडून ठेवू नये. आणि धनुष्याबरोबर बाण ठेवू नयेत. कारण सज्ज साधन दिसले की मागणारा ते मागतो आणि नाही म्हणणे अवघड होते. भाग वेगळे असले की नकार सहज देता येतो.

शेकडो वर्षांपूर्वी लिहिलेले हे शब्द आजच्या बंदुकीला लावून पाहा. पिस्तूल एका तिजोरीत, काडतुसे दुसऱ्या तिजोरीत, आणि दोन्हींच्या किल्ल्या दोन माणसांकडे, हाच आज जगभर सुरक्षित साठवणीचा पहिला पाठ आहे. येथे धनुष्य बाळगणे हाच दोष म्हटलेला नाही, हेही लक्षात घ्यावे. आचार्यांना व्यवहार ठाऊक होता. त्यांनी गृहस्थाच्या हातातील धनुष्य एकदम काढून घेतले नाही. बाण वेगळे ठेवायला सांगून त्याच्या क्रोधाला चार पावले चालायला लावले. त्या चार पावलांत माणूस शुद्धीवर येतो.

साधनापर्यंत पोहोचायला लागणारा थोडा वेळ किती मोलाचा असतो, याची कथा आपल्याच मातीत घडली. आगाशीहून सोपारे जवळ. कल्पसूत्रातील स्थविरावलीच्या विवेचनात आर्य वज्रसेनांची हकिगत येते. दीर्घ दुष्काळ पडला होता. सोपाऱ्याचा श्रेष्ठी जिनदत्त धनवान होता, पण धनाने धान्य मिळेनासे झाले होते. एका हंडीभर अन्नासाठी लाख मुद्रा मोजाव्या लागल्या. उद्या तेही मिळणार नाही, तेव्हा तडफडून मरण्यापेक्षा एकत्रच शेवट करावा, असे कुटुंबाने ठरविले. श्राविका ईश्वरी त्या अन्नात विष मिसळण्याच्या तयारीत होती आणि त्याच वेळी आर्य वज्रसेन गोचरीला दाराशी आले. त्यांना आपले गुरू वज्रस्वामी यांचे वचन आठवले : लाख मोलाचे अन्न जेथे भिक्षेत मिळेल, तेथे दुसऱ्या दिवशी सुकाळ होईल. त्यांनी विष दूर ठेवायला लावले आणि एकच दिवस थांबायला सांगितले. दुसऱ्या दिवशी सोपाऱ्याच्या बंदरात धान्याची गलबते लागली.

जिनदत्त-ईश्वरींच्या चार पुत्रांनी पुढे दीक्षा घेतली. नागेंद्र, चंद्र, निवृत्ती आणि विद्याधर ही त्यांची नावे, आणि याच नावांची चार कुले श्वेतांबर परंपरेत प्रसिद्ध झाली. आजचा तपागच्छ आपली परंपरा चंद्रकुलाशी जोडतो. एका व्यापारी घरातील विषाची पुडी एक दिवस दूर ठेवली गेली, त्या एका दिवसावर पुढची केवढी परंपरा उभी आहे! आर्य वज्रसेनांनी त्या कुटुंबाला निराशेबद्दल दोष दिला नाही, प्रवचनही केले नाही. त्यांनी साधन आणि हात यांच्यामध्ये एक रात्र उभी केली.

आगाशीचे मूलनायक श्री मुनिसुव्रत स्वामी. त्यांच्याविषयीची अश्वावबोधाची कथा पाठशाळेतील मुलांनाही ठाऊक असते. भरूच येथे यज्ञात घोड्याचा बळी दिला जाणार हे जाणून प्रभू प्रतिष्ठानपुराहून, म्हणजे आपल्या पैठणहून, एका रात्रीत साठ योजने चालून गेले आणि शस्त्र उचलले जाण्याआधी तेथे पोहोचले. घात झाल्यावर शोक करणारे पुष्कळ असतात. घाताआधी पोहोचणे, हे या तीर्थाच्या अधिष्ठात्याचे वैशिष्ट्य परंपरेने जपले आहे.

येथे काही बंधू म्हणतील, 'आम्ही बाण वेगळे ठेवू. पण दरोडेखोर ठेवणार आहे काय?' आक्षेप रास्त आहे. गावठी कट्टे बनविणारे आणि पुरविणारे परवाना मागायला येत नाहीत. त्यांच्याविरुद्ध पोलिसांनी कठोर व्हावे, हीच आपली मागणी असली पाहिजे. 2019 च्या दुरुस्तीने बेकायदा शस्त्रनिर्मितीची शिक्षा जन्मठेपेपर्यंत नेली आहे. पण दरोडेखोराच्या कट्ट्याला उत्तर म्हणून प्रत्येक पेढीवर पिस्तूल आले, तर दरोडेखोर चोरी सोडणार नाही. तो आधी गोळी झाडायला शिकेल. शिवाय दरोडा आयुष्यात एखाद्या वेळी पडेल किंवा पडणारही नाही. भागीदारीतला वाद, भाऊबंदकी, तरुण मुलाचे नैराश्य, रस्त्यावरची बाचाबाची हे प्रसंग मात्र प्रत्येक घरात येतात. पिस्तूल त्या सर्व दिवशी घरातच असते.

मग पेढीचे रक्षण करावे कसे? याबाबतीत शेठ मोतीशांचे उदाहरण समोर आहे. आगाशीच्या मंदिराशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या मोतीशांच्या मुंबईत 1832 साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून दंगल उसळली. दंगलीने प्रश्न सुटला नाही. मोतीशा आणि सर जमशेटजी जीजीभॉय या दोन भिन्न धर्मांच्या व्यापाऱ्यांनी पुढाकार घेऊन 1834 साली मुंबईत पांजरापोळ उभी केली. हिंसेला उत्तर म्हणून व्यापाऱ्याने संस्था उभारली, आणि ती टिकली. आपल्या परंपरेचे खरे शस्त्र हेच आहे : चार जणांनी एकत्र येऊन उभारलेली व्यवस्था.

एका बाजारपेठेतील दुकानांनी मिळून रात्रीचा पहारा ठेवावा. गल्लीत पुरेसा उजेड आणि चालू स्थितीतले कॅमेरे असावेत. दुकान उघडताना आणि बंद करताना कोणी एकटे असू नये. मोठी रोकड आणि घडविलेला माल रोज एकाच वेळी, एकाच वाटेने नेऊ नये. सराफांसाठी असलेला विमा नियमित ठेवावा. स्थानिक पोलीस ठाण्याशी व्यापारी मंडळाचा संपर्क केवळ सणासुदीपुरता नसावा. आणि दरोडा पडलाच तर माल द्यावा, जीव वाचवावा, हे नोकरांनाही स्पष्ट सांगून ठेवावे. विम्याने माल परत मिळतो.

ज्यांना खरोखरच जिवाचा धोका आहे आणि ज्यांनी रीतसर परवाना घेतला आहे, त्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी संयुक्ताधिकरणाचा अर्थ ध्यानात ठेवावा : शस्त्र रिकामे, काडतुसे वेगळी, किल्ल्या दोघांकडे. घरात कोणी दीर्घकाळ उदास असेल, मद्याच्या आहारी गेला असेल किंवा घरात वाटणीचा कलह पेटला असेल, तर शस्त्र काही काळ घरात न ठेवण्याची कायदेशीर सोय पाहावी. मूळ कारण संपले असेल तर परवान्याचे नूतनीकरण सवयीने करू नये. सशस्त्र रखवालदार नेमला असेल तर त्याच्या परवान्याची मूळ प्रत पाहावी, तो महाराष्ट्रात वैध आहे ना याची खात्री करावी, आणि पाळी संपल्यावर त्याचे हत्यार मालकाच्या कपाटात राहू देऊ नये. दहिसरच्या प्रकरणाने शिकविलेला धडा तो हाच.

लग्नाच्या वरातीत बंदूक, मुलांच्या वाढदिवसाला खेळण्यातले पिस्तूल, समाजमाध्यमावर कमरेचे शस्त्र दाखविणारी चित्रफीत, या गोष्टी किरकोळ वाटतात. पण शस्त्र हे मोठेपणाचे चिन्ह आहे, हा पहिला संस्कार त्यांतूनच होतो. याच व्रताच्या अतिचारांत मौखर्यही आहे, म्हणजे उद्धट, बेताल बोलणे. ते संयुक्ताधिकरणाच्या शेजारी का ठेवले असेल, याचा विचार करावा. भांडणात हात शस्त्राकडे जाण्यापूर्वी बराच वेळ जीभ सुटलेली असते. व्यापारी मंडळाच्या समूहात रात्री लिहिलेला एक अपमानकारक संदेश सकाळपर्यंत थांबविता आला, तरी तो बाण धनुष्यापासून वेगळा ठेवण्यासारखेच आहे.

आणखी एक विषय अवघड आहे, पण टाळू नये. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे आणि आचार्य हेमचंद्रांनी त्यात शस्त्रांच्या व्यापाराचाही समावेश केला आहे. आपल्यातील कोणी शस्त्रांचे दुकान चालवीत नसेल. परंतु शस्त्रनिर्मिती करणाऱ्या कंपन्यांचे समभाग आज अनेकांच्या खात्यांत आहेत. देशाच्या संरक्षणासाठी शस्त्रे लागतात, हे खरे. त्या नफ्यात आपण भागीदार व्हावे की नाही, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने आपल्या गुरुमहाराजांपुढे मोकळेपणाने ठेवावा. उत्तर काहीही आले, तरी प्रश्न विचारल्याने आपली खातेवही अधिक स्वच्छ होईल.

पर्युषणात संवत्सरीच्या प्रतिक्रमणाला आपण बसू, तेव्हा आठव्या व्रताचे अतिचार म्हणताना 'अधिकरण' हा शब्द येईल. दरवर्षी तो पुढच्या शब्दाबरोबर वाहून जातो. यंदा त्या शब्दापाशी क्षणभर थांबावे आणि आपल्या घरात, पेढीवर, गोदामात जोडून, सज्ज करून ठेवलेले असे काय काय आहे, याची मनाशी यादी करावी. बंदूक असेल, कीटकनाशकाचा उघडा डबा असेल, एखाद्या भावाविरुद्ध तयार ठेवलेली नोटीस असेल. पारणे झाल्यावर पहिले काम म्हणून त्यांतले जे वेगळे करता येईल, ते वेगळे करून ठेवावे.